सिग्नल हिरवा होताच

डेट्रॉईटला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रात्री तो मला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर घेऊन गेला. रुंद, सरळ रस्ता आणि थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल. "मामू, इथंच शर्यती लागायच्या," तो म्हणाला. मला दिसत होती नुसती बंद दुकानं.

अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा हमरस्ता १९०९मध्ये याच वाटेवर झाला. १९६०च्या दशकात पोरं संध्याकाळी ड्राइव्ह-इन हॉटेलांत जमायची. खाणंही गाडीतच, आव्हानही गाडीतूनच. मग लाल दिव्यापाशी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि दिवा हिरवा होताच पुढच्या सिग्नलपर्यंत सुसाट. कायद्यानं हा गुन्हाच होता.

पण गंमत बघा, कारखानेही यात सामील होते. जनरल मोटर्सनं १९६३मध्ये आपल्या विभागांना शर्यतींतून बाहेर पडायला लावलं. तेव्हा तिच्याच पॉन्टिअ‍ॅक विभागानं मध्यम आकाराच्या गाडीत भलं मोठं इंजिन बसवून १९६४ची 'जीटीओ' काढली. इंजिन ३८९ घनइंचांचं, म्हणजे आपल्या मारुती ८००च्या आठपट! गाड्या बनवणारे इंजिनिअर रात्री स्वतःच त्या घेऊन वुडवर्डवर यायचे. त्याच रस्त्यानं घरी निघालेल्या माणसाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मला भावली ती 'ब्लॅक घोस्ट'. काळी डॉज चॅलेंजर, १९७०ची. यायची, जिंकायची, अंधारात नाहीशी व्हायची. चालवणारा कोण, लोकांना कळत नसे. तो होता गॉडफ्रे क्वॉल्स, डेट्रॉईटचा कृष्णवर्णीय पोलीस! बोभाटा झाला असता तर नोकरीवरच गदा.

हा खेळ पोलिसांनी मोडला असं वाटेल. पण खरा घाव बसला तो विम्याच्या हप्त्यांचा. अशा गाडीचा हप्ता तरुणांना झेपेना. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानं इंजिनांचा जोर उतरवला, १९७३च्या तेलबंदीनं पेट्रोल महागलं.

१९९५पासून ऑगस्टमध्ये तिथं जुन्या गाड्यांचा 'ड्रीम क्रूझ' भरतो. गर्दी एवढी, की गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. क्वॉल्स २०१५मध्ये वारले. त्यांच्या गाडीची २०२०मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांत नोंद झाली. २०२३च्या लिलावात ती दहा लाख डॉलरांवर गेली.

परतताना आम्ही प्रत्येक सिग्नलला थांबलो. शेजारी एखादी गाडी येऊन उभी राहिली, की भाचा हळूच तिकडे बघायचा.