रोटरी क्लब (नांदेड-लातूर)
व्यापारी, डॉक्टर, वकील आदी व्यावसायिकांचे सेवामंडळ. मूळ संघटना पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत काढली. बैठकीत अध्यक्ष घंटा वाजवतो; मग निवेदने, पाहुण्यांचे व्याख्यान आणि चहा-फराळ. गावात ओळखी वाढतात त्या बहुधा या फराळाच्या वेळी. साप्ताहिक बैठकीचा दंडक २०१६ मध्ये सैल झाला. महिन्यातून दोन बैठकाही चालतात. १९८९ पासून स्त्रियांना सभासदत्व खुले आहे.

रक्तदान, नेत्रतपासणी ही नेहमीची कामे. खरे मोठे काम पोलिओचे. त्यासाठी रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम उघडली. रविवारी बूथवर बाळाच्या तोंडात दोन थेंब, करंगळीला शाई. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.