प्राध्यापकाला शिकवायला कोणी शिकवलं?

गेल्या महिन्यापासून मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. वय ४२, तासिका तत्त्वावर शिकवण्याची १३ वर्षं, आणि आता कॉलेजात कसं शिकवावं याच्या पदविकेचा ऑनलाइन अभ्यास. घरी आणि स्टाफरूममध्ये प्रश्न एकच, "मॅडम, सेट झालीये ना तुमची? मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर माझ्यापेक्षा आपल्या शिक्षणाच्या इतिहासात जास्त सापडतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

जुन्या मंडळींना आठवत असेल, सातवी फायनल होऊन नोकरीला लागलेल्या मास्तरांनाही पुढे ट्रेनिंगला पाठवायचे. नंतर प्राथमिकला डी.एड., माध्यमिकला बी.एड. आलं. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला बाराखडी शिकवायला प्रशिक्षण लागतं, हे आपण केव्हाच मान्य केलं. एकोणीस वर्षांच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायला मात्र एम.ए. पुरलं. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच, अशी समजूत. ही समजूत खोटी ठरवणारे एक तरी सर प्रत्येकाला आठवत असतील!

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९६६ साली कोठारी आयोगाने अहवाल दिला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, बहिरेवाडीचे. नव्या अधिव्याख्यात्यांसाठी उद्बोधन वर्ग घ्यावेत, मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची सोय करावी, असं त्या अहवालात आहे. अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं प्रत्यक्षात निघाली १९८७ मध्ये, १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. वीस वर्षं गेली. आणि निघाली तीही कोणासाठी? 'ओरिएंटेशन-रिफ्रेशर' हे शब्द कॉलेजात पदोन्नतीच्या संदर्भातच ऐकू येतात. ज्याला पदच नाही, त्याची पदोन्नती कुठली!

मग आली नेट. पहिली परीक्षा १९८९ च्या अखेरीस झाली. १९९१ च्या १९ सप्टेंबरपासून ती अधिव्याख्याता होण्याची अट बनली, आणि इथून महाराष्ट्रातलं रामायण सुरू झालं. ३ एप्रिल २००० पर्यंत नेट-सेट नसलेल्या हजारोंच्या नेमणुका झाल्या. त्यांच्या सेवेचा प्रश्न इतका चिघळला की २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. पेपर तपासणीविना पडून, निकाल लांबलेले, पालक हवालदिल. शेवटी २७ जून २०१३ चा शासन निर्णय निघाला आणि पुढची लढाई कोर्टात गेली. त्या सगळ्या गदारोळात 'पात्र कोण' यावर रान पेटलं होतं. 'शिकवता कोणाला येतं' हा प्रश्न मात्र मी ना मोर्चात ऐकला, ना सरकारच्या बाजूने.

आणि नेट तरी काय तपासते? आज दोन पेपर मिळून १५० प्रश्न असतात. पहिल्या पेपरात दहा घटक, त्यातला एक अध्यापनाचा, त्यावर पाच प्रश्न. तेही पर्यायी. १५० मध्ये पाच! बाकीचं बरोबर आलं तर हे पाचही चुकवून माणूस प्राध्यापक होऊ शकतो. नेट-सेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. वशिल्याला तिने थोडा तरी चाप लावला. पण ती विषयाची परीक्षा आहे.

दुसरी वाट त्याच वर्षी, १९८९ मध्ये, नाशिकला उघडली होती. राम ताकवले कुलगुरू असताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. नोकरी न सोडता शिकता येतं, हे या विद्यापीठाने गावागावात दाखवलं. नोकरीत असलेल्या कितीतरी शाळाशिक्षकांनी तिथूनच बी.एड. केलं. ताकवले पुढे 'इग्नू'चेही कुलगुरू झाले, आणि उच्च शिक्षणात शिकवण्याची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने देणारी संस्था म्हणजे हीच इग्नू. २०१७ पासून 'स्वयम'वर व्हिडिओ आले. २०१८ मध्ये प्राध्यापकांसाठी ४० तासांचे ऑनलाइन रिफ्रेशर सुरू झाले. माझ्यासारखीला हे वरदानच. स्टाफ कॉलेजला तीन-चार आठवडे जायचं म्हणजे तेवढ्या तासिकांवर पाणी सोडायचं. एका कॉलेजात मी विचारून पाहिलं होतं. "तुम्ही कुठे पर्मनंट आहात?" हे उत्तर मिळालं. आता रात्री साडेनऊला भांडी आवरली की मोबाईलवर धडा सुरू होतो.

शिकते काय, तेही सांगते. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न नक्की काय तपासतो हे आधी ठरवायचं. साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावरच्याला बोलतं कसं करायचं. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला इंग्रजी संज्ञा आधी सांगायची की कल्पना. तेरा वर्षं हे रोज समोर होतं, पण कुठल्याही मुलाखतीत कोणी विचारलं नाही.

विचारणार तरी कसं? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीसाठी उमेदवार निवडायचा गुणतक्ता आहे. पदवी, पदव्युत्तर, एम.फिल., पीएच.डी., नेट-सेट, शोधनिबंध, अनुभव, पुरस्कार, सगळ्यांना गुण आहेत. शिकवण्याच्या प्रशिक्षणाला रकानाच नाही. म्हणजे ही पदविका पूर्ण झाली तरी माझे गुण शून्याने वाढतील, आणि तासिकेचा दर जिथे आहे तिथेच राहील.

पुढच्या वेळी अधिसभेच्या पदवीधर गटाची मतं मागायला कोणी दारात आलं, तर तो तक्ता मी समोर ठेवणार आहे. तुमच्याकडे आले तर तुम्हीही विचारा.