आर्गाइलचे घराणे : बाप, लेक आणि एक शिरच्छेदयंत्र

एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात लाकडी चौकटीचे एक उंच शिरच्छेदयंत्र ठेवलेले आहे. त्याचे नाव ‘मेडन’, म्हणजे कुमारिका. २७ मे १६६१ रोजी याच यंत्राखाली आर्चिबाल्ड कॅम्पबेल, आर्गाइलचा मार्क्विस, मारला गेला. ३० जून १६८५ रोजी त्याचा थोरला मुलगा, त्याचेही नाव आर्चिबाल्डच, त्याच यंत्राखाली गेला. विद्यापीठात इतिहास शिकण्याचा योग मला आला नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून. त्या वाचनात या घराण्याने मला बराच काळ गुंतवून ठेवले, ते एका प्रश्नामुळे. बाप एका पक्षात आणि लेक दुसऱ्या पक्षात, ही वाटणी जहागीर वाचवण्यासाठी ठरवून केलेली होती का?

मार्क्विसच्या बापापासूनच घर दुभंगलेले होते. सातवा अर्ल १६१८ मध्ये कॅथलिक झाला आणि स्पेनच्या राजाच्या चाकरीत फ्लँडर्सला गेला. मुलगा मात्र कट्टर प्रेस्बिटेरियन निघाला. १६३८ मध्ये, बाप वारला त्याच वर्षी, तो चार्ल्स राजाच्या धर्मविषयक धोरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कॉव्हेनंटर पक्षाला मिळाला. तरीही १६४१ मध्ये राजाने त्याला मार्क्विस केले. राजाचा नाइलाज होता.

१६५० मध्ये त्याचा वैरी मॉन्ट्रोज फाशी गेला. त्याचे मुंडके एडिनबरोच्या टोलबूथ तुरुंगावर खिळ्याला टोचून ठेवले गेले. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे दुसऱ्या चार्ल्सच्या मस्तकावर आर्गाइलने स्वतःच्या हाताने मुकुट ठेवला. दहा वर्षांनी याच राजाच्या कारकिर्दीत त्याच्यावर खटला चालला. पहिल्या चार्ल्सच्या वधात हात असल्याच्या आरोपातून तो सुटला. पण क्रॉमवेलच्या राजवटीशी केलेले सहकार्य त्याला भोवले. मॉन्ट्रोजचे मुंडके त्याआधी काही महिने सन्मानाने उतरवलेले होते. त्या रिकाम्या जागी आर्गाइलचे मुंडके बसले. त्याच उन्हाळ्यात या राजाचा पोर्तुगालशी विवाहकरार झाला आणि मुंबई बेट आंदणात गेले. आपल्याकडचे वाचक दुसऱ्या चार्ल्सला ओळखतात ते त्या करारामुळे.

आता मूळ प्रश्न. १६५३ मध्ये हायलँड्समध्ये ग्लेनकेर्नने राजासाठी बंड उभारले. थोरला मुलगा, तेव्हाचा लॉर्ड लॉर्न, बापाची इच्छा धुडकावून त्यात सामील झाला. ‘दोन्ही डगरींवर हात’ ही शंका येथेच येते, आणि निकाल पाहता ती खरीही वाटते : १६६३ मध्ये अर्लपद व बरीचशी जहागीर मुलाला परत मिळाली. पण निकालावरून हेतू ठरवणे मला पटत नाही. संगनमतच असते, तर मुलाच्या राजनिष्ठेने बापाचा जीव तरी वाचायला हवा होता. तो वाचला नाही. आणि १६६२ मध्ये, एका पकडलेल्या पत्रावरून, त्या राजनिष्ठ मुलालाच देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. तेव्हा तो कसाबसा सुटला. हा ठरवून खेळलेला डाव दिसत नाही. दोघे आपापल्या समजुतीने चालले, एवढेच पुरावा सांगतो.

१६८१ मध्ये नव्या कायद्याची शपथ घेताना मुलाने एक अट घातली : शपथ स्वतःशी आणि प्रोटेस्टंट धर्माशी जेवढी सुसंगत असेल तेवढीच मान्य. तो राजद्रोह ठरला. सावत्र मुलगी सोफिया लिंडसे भेटीला आली असताना तो तिच्या सेवकाच्या वेषात एडिनबरोच्या किल्ल्यातून निसटला. १६८५ मध्ये तो हॉलंडहून बंडासाठी परतला, पकडला गेला आणि नवा खटला न चालवता जुन्याच शिक्षेवर त्याला मारण्यात आले. चारच वर्षांनी, ११ मे १६८९ रोजी, त्याच्या मुलाने लंडनमध्ये विल्यम आणि मेरी यांना स्कॉटलंडच्या राज्याची शपथ दिली. १७०१ मध्ये तो ड्यूक झाला.

वंशावळीत हे सारे ‘घराणे तरले’ या दोन शब्दांत मावते. माझे मन मात्र २ फेब्रुवारी १६४५ च्या इन्व्हरलोखीपाशी अडते. त्या दिवशी मॉन्ट्रोजने कॅम्पबेलांची फौज उधळली. पडल्यामुळे हात दुखावलेला मार्क्विस किनाऱ्यालगतच्या गलबतावर होता आणि तेथूनच निघून गेला. किनाऱ्यावर त्याची सुमारे १,५०० माणसे कापली गेली. त्यांनी बाजू निवडली नव्हती. धनी जिकडे, तिकडे ती गेली. आर्गाइलला पुढे हुतात्मा म्हणणारे झाले आणि भेकड म्हणणारेही झाले. दोन्ही बाजूंच्या ग्रंथांत त्याच्या मृत्यूला पानेच्या पाने आहेत. त्या १,५०० जणांना आकडा आहे, आणि मोजक्या सरदारांखेरीज नावे नाहीत. घराणे तरण्याची किंमत मांडायची, तर हिशेब तेथून सुरू करावा लागेल.