जुळणीचे त्रिमित प्रतिरूप ग्राहकापर्यंत

भोर तालुक्यातील आंबवडे येथे संस्थानकाळातील झुलता पूल आहे. झुलत्या पुलाची रचना प्रत्यक्ष पाहणाऱ्याला सहज समजते. मार्गाचा भार टांगलेल्या सळ्यांवर, सळ्यांचा मुख्य दोरांवर आणि दोरांचा दोन्ही तीरांवरील आधारांवर येतो. हीच रचना कागदावर समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन दृश्यांत मांडली, की कोणता भाग कोठे बसतो हे आरेखन वाचण्याची सवय नसलेल्याला उमगत नाही.

यंत्रांच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर ठरते. भोरजवळून जाणाऱ्या पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूर, शिरवळ परिसरात कारखाने आहेत. अशा पट्ट्यात जिग, फिक्श्चर किंवा विशेष यंत्रे बनवणाऱ्या लघुउद्योजकाला धातू कापण्यापूर्वी ग्राहकाची संमती हवी असते. ग्राहकाने आरेखन नीट न समजता सही केली, तर चूक यंत्र उभे राहिल्यावर कळते आणि खर्च उद्योजकाच्या माथी येतो. उलट कॅडची मूळ फाइलच दिली, तर अनेक वर्षांच्या अनुभवातून साकारलेली रचना प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडण्याचा धोका असतो. या दोन्हींतून मार्ग काढणारे साधन म्हणजे 'व्ह्यूअर'.

व्ह्यूअर काय करतो?

मूळ कॅड फाइलमध्ये प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या मापांनी घडवला, याचा इतिहास असतो. व्ह्यूअरसाठीच्या फाइलमध्ये हा इतिहास नसतो. त्यात बहुधा पृष्ठभागांचे बारीक त्रिकोणांचे जाळे असते. त्यामुळे फाइल आटोपशीर होते. ग्राहकाला जुळणी फिरवता येते, सुटे भाग दूर सरकवता येतात, मधोमध छेद घेऊन आतील रचना पाहता येते आणि शेरेही लिहिता येतात. यासाठी त्याच्याकडे महागडी कॅड प्रणाली असण्याची गरज नसते.

प्रचलित पर्याय

सॉलिडवर्क्सचे 'ई-ड्रॉइंग्ज' या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. त्यात ग्राहकाला मापे घेऊ द्यायची की नाही, हे पाठवणारा ठरवू शकतो. फाइलला परवलीचा शब्दही लावता येतो. फाइल व व्ह्यूअर एकत्र बांधून 'ईएक्सई' स्वरूपातही पाठवता येते. मात्र सुरक्षेच्या कारणास्तव अनेक ई-मेल सेवा अशी फाइल अडवतात.

दुसरा पर्याय त्रिमित पीडीएफचा. त्यासाठीचे 'यू-थ्री-डी' हे प्रमाण एक्मा या संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केले, तर 'पीआरसी' स्वरूपाला २०१४ मध्ये आयएसओ मान्यता मिळाली. ब्राउझरमधील पीडीएफ दर्शकांत मात्र असे प्रतिरूप सहसा फिरत नाही. ते अॅडोबी रीडरमध्ये उघडावे लागते आणि तेथेही त्रिमित मजकुराला परवानगी द्यावी लागते. मोठ्या वाहन उद्योगात 'जेटी' स्वरूप रुळलेले आहे. त्याला आयएसओ १४३०६ हे प्रमाण २०१२ मध्ये मिळाले.

या क्षेत्रात पुण्याचाही वाटा आहे. गोदरेज समूहातील जिओमेट्रिक या कंपनीचे मोठे विकसन केंद्र पुण्यात होते. वेगवेगळ्या कॅड प्रणालींच्या फाइली उघडणारा 'ग्लोव्हियस' हा व्ह्यूअर याच कंपनीचा. ही कंपनी घेण्याचा निर्णय एचसीएलने २०१६ मध्ये जाहीर केला.

पाठवण्यापूर्वी

पहिली दक्षता लपवलेल्या भागांची. पडद्यावर न दिसणारा भाग फाइलमध्ये शिल्लक असू शकतो आणि ग्राहकाला तो पुन्हा दाखवता येऊ शकतो. गुप्त ठेवायचे भाग लपवू नयेत. वेगळ्या प्रतीतून ते काढूनच टाकावेत. बेअरिंग, मोटर यांसारख्या विकत घेतलेल्या भागांची केवळ बाह्याकृती ठेवली तरी पुरते.

दुसरी दक्षता अनुमतीची. 'एसटीएल' स्वरूपात निर्यात करण्याची मुभा ग्राहकाला दिली, तर बाह्याकृतीवरून भागाची नक्कल करणे सोपे जाते. ती मुभा बंद ठेवणे इष्ट. परवलीचा शब्द फाइलसोबत न पाठवता फोनवरून कळवावा.

तिसरी दक्षता आवृत्तीची. फाइलच्या नावात आरेखन क्रमांक, आवृत्ती आणि दिनांक असावा. एकके मिलिमीटर की इंच, हेही स्पष्ट लिहावे. ग्राहकाचे शेरे आले की नवी आवृत्ती काढावी. जुन्याच नावाने फाइल बदलली, तर कोणत्या रचनेला संमती मिळाली होती, हे पुढे सिद्ध करणे अवघड होते.

संमती कशाला?

त्रिकोणांच्या जाळ्यात वर्तुळ हे वस्तुतः बहुभुज असते. त्यामुळे तेथून घेतलेले माप किंचित चुकू शकते. शिवाय मापांतील अनुज्ञेय फरक, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि उष्णता-प्रक्रिया या बाबी अशा प्रतिरूपात नोंदलेल्या असतीलच असे नाही. म्हणून प्रतिरूप समजण्यासाठी आणि सही मापांसह असलेल्या आरेखनावर, असा दंडक ठेवावा. दोहोंवर एकच आवृत्ती क्रमांक असावा. ग्राहकाला स्वतःच्या प्रणालीत रचना वापरायचीच असेल, तर मापे अचूक ठेवणारी 'स्टेप' स्वरूपातील फाइल द्यावी लागते. ती देण्याआधी गोपनीयतेचा करार करणे हिताचे ठरते.