वार्धक्य व स्मृतिभ्रंशातील श्वेतद्रव्य बदल

वाढत्या वयात मेंदूच्या श्वेतद्रव्यात होणाऱ्या आणि मेंदूच्या प्रतिमांकनात दिसणाऱ्या विकृतींना श्वेतद्रव्य बदल म्हणतात. एमआरआय (चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन) तपासणीत हे बदल पांढरे ठिपके किंवा पट्टे म्हणून दिसतात. बहुसंख्य वृद्धांमध्ये ते थोड्याफार प्रमाणात आढळतात. त्यामुळे केवळ त्यांच्या असण्यावरून स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही. मात्र ते विस्तृत असल्यास पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि चालण्यातील दोष यांचा धोका वाढतो.

रचना व कारणे

मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या द्रव्यात प्रामुख्याने चेतापेशींच्या पेशिका असतात, तर आतील श्वेतद्रव्य मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचे बनलेले असते. या तंतूंवरील मायलिन नावाच्या मेदयुक्त आवरणामुळे त्याला पांढरा रंग येतो. खोल भागातील श्वेतद्रव्याला लांब व अतिशय बारीक रोहिण्यांतून रक्त मिळते. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि वय यांमुळे या रोहिण्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. परिणामी रक्तपुरवठा घटतो, वाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि मायलिनची हानी होते. यास लघुवाहिनी विकार म्हणतात.

इतिहास

श्वेतद्रव्याच्या ऱ्हासाशी निगडित स्मृतिभ्रंशाचे वर्णन ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये केले. सीटी स्कॅन आल्यानंतर हे बदल जिवंत रुग्णात पाहणे शक्य झाले. सीटीवर ते गडद दिसतात. १९८७ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की व सहकाऱ्यांनी त्यांना ‘ल्युकोअरायोसिस’ हे नाव दिले. त्याच वर्षी फ्रांझ फाझेकास व सहकाऱ्यांनी एमआरआयसाठी श्रेणीपद्धती मांडली. अशा प्रतिमांच्या वर्णनातील परिभाषा एकसारखी करणारे आंतरराष्ट्रीय निकष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रतिमांकन

एमआरआयच्या टी-२ प्रतिमेत पाण्याचे प्रमाण अधिक असलेला भाग उजळ दिसतो. फ्लेअर पद्धतीत मस्तिष्कमेरुद्रवाचा संकेत दाबला जातो, त्यामुळे मेंदूतील पोकळ्यांलगतचे ठिपके स्पष्ट होतात. फाझेकास श्रेणी ० ते ३ अशी असते: ० म्हणजे बदल नाही, खोल श्वेतद्रव्यात १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांना मिळू लागलेले ठिपके आणि ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. डिफ्यूजन टेन्सर प्रतिमांकन (१९९४) पाण्याच्या रेणूंच्या हालचालीची दिशा मोजते. नेहमीच्या प्रतिमेत निरोगी दिसणाऱ्या तंतूंची हानीही त्यातून लक्षात येते.

लक्षणे व अर्थनिर्णय

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या १,०७७ व्यक्तींच्या अभ्यासात सुमारे ५ टक्के लोकांमध्येच असे बदल मुळीच नव्हते. विस्तृत बदलांत विचारांचा वेग मंदावणे, नियोजन न जमणे, अडखळत चालणे, लघवीवरील ताबा सुटणे आणि नैराश्य ही लक्षणे दिसतात. अल्झायमर रोगात सहसा आरंभी नवी स्मृती टिकत नाही व प्रतिमेत हिप्पोकॅम्पस आकसलेला आढळतो. वृद्धांमध्ये दोन्ही विकार एकत्र असणे सामान्य आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता आणि कॅडासिल हा आनुवंशिक विकार यांतही श्वेतद्रव्यात बदल दिसू शकतात. म्हणून प्रतिमा नेहमी रुग्णाचा इतिहास, कुटुंबीयांचे निरीक्षण आणि बोधात्मक चाचणी यांच्यासोबत वाचली जाते. कमी शिक्षण झालेल्या व्यक्तीला वाचन-लेखनावर आधारित चाचणीत कमी गुण मिळू शकतात. तो स्मृतिभ्रंशाचा पुरावा ठरत नाही.

प्रतिबंध

एकदा झालेले बदल सहसा पूर्णपणे भरून येत नाहीत, परंतु त्यांची वाढ मंदावता येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील स्प्रिंट-माइंड चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत श्वेतद्रव्य बदलांचे आकारमान ०.९२ घनसेंमी वाढले. १४० च्या खाली हे उद्दिष्ट असलेल्या गटात ती वाढ १.४५ घनसेंमी होती. वृद्ध रुग्णात उद्दिष्ट ठरवताना चक्कर व पडण्याचा धोकाही विचारात घेतला जातो.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. ग्रामीण भागात प्रतिमांकनाची सोय मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत केंद्रित आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या शिक्षणसंस्थांची रुग्णालये आहेत. समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर, चंद्रपूरचा रस्ता फुटतो त्या ठिकाणी आहे. अशा गावातील वृद्धाची एमआरआय तपासणी लक्षणे बळावल्यानंतर, प्रवास करून होण्याची शक्यता अधिक असते. याउलट रक्तदाब व मधुमेहाची तपासणी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र स्तरावर ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी अभिप्रेत आहे. श्वेतद्रव्याची हानी लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी सुरू होत असल्याने, तिला आळा घालण्यात मध्यम वयातील या साध्या तपासणीचे आणि नियमित औषधोपचाराचे महत्त्व मोठे आहे.