शारदेसाठी रडलो, लग्नगड्याचं काय?

लहान मुलींची लग्नं रोखणाऱ्या 1929च्या कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात. महाराष्ट्रात अजूनही कित्येकांना वाटतं, की हे नाव गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’वरून आलं. खरं तर ते विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आलंय. पण मला हा गैरसमज आवडतो. 1899 साली रंगभूमीवर आलेलं एक नाटक लोकांच्या मनात इतकं मुरलं, की तीस वर्षांनी झालेला कायदाही त्यांना त्याच नाटकाचा वाटला.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पैशाला हपापलेला कांचनभट आपली मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. शारदा भरल्या घरात एकटी पडते, कारण तिचं लग्न ठरवताना तिला कुणी विचारतच नाही. प्रेक्षक तिच्यासाठी हळहळले, म्हाताऱ्याला हसले. उतारवयात बोहल्यावर चढणाऱ्याला लोक ‘भुजंगनाथ’ म्हणू लागले. एका पात्राचं नाव शिवी म्हणून रूढ होणं, ही प्रेक्षकांनी दिलेली केवढी मोठी पावती!

मी हे डहाणू-तलासरीच्या बाजूला राहून वाचते, तेव्हा मला दुसरं एक लग्न आठवतं. त्यावर तेव्हा कुणी नाटक लिहिलं नाही.

वारली घरात लग्न म्हणजे भिंतीवर चौक काढायचा, त्यात पालघट देवी, आणि लग्न लावायला धवलेरी, म्हणजे बाईच. पण लग्नाला पैसा लागतो. तो जमीनदार-सावकाराकडून घ्यायचा आणि फेडायला नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज थोडं असे, पण हिशेब सावकाराच्या वहीत आणि गड्याला वाचता येत नसे. त्यामुळे ते फिटतच नसे. सावकार त्याच्या बायकोवरही हक्क सांगे. शारदेला विकणारा बाप होता. इथे लग्न करणाऱ्यानं स्वतःलाच गहाण टाकलेलं असायचं, शिवाय बायकोलाही.

पाडे रानात विखुरलेले. प्रत्येक जोडप्याला वाटे, हे कर्ज आपलं, हे नशीबही आपलंच. माझ्या मते त्यांचा खरा एकटेपणा हाच होता.

तो मोडला 1945 साली. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम घेऊन या भागात आले. 23 मे 1945 रोजी झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. आपल्या पाड्यावर घडतं तेच शेजारच्या पाड्यावरही घडतं, हे हजारो माणसांनी एकत्र बसून ऐकलं. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. परिषदेनंतर माणसं गावोगाव गेली आणि त्यांनी लग्नगड्यांना मोकळं केलं.

त्याची किंमतही मोजावी लागली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. 1970 साली ते आलं आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे ‘शारदा’चे प्रेक्षक नुसतेच रडले का? तसं म्हणणं अन्याय होईल. जरठ-बाला विवाहाची लाज वाटायला लावण्यात त्यांच्या हळहळीचा वाटा होता. पण ज्या घरातून ते आले होते, तशाच घरातली मुलगी त्यांना रंगमंचावर दिसत होती. लग्नगड्याची बायको त्या थिएटरात नव्हती, पडद्यापुढेही नाही आणि मागेही नाही.

झरीला जमलेली माणसं मात्र स्वतःचीच गोष्ट ऐकत होती. म्हणून ऐकून झाल्यावर त्यांना डोळे पुसून घरी जाता आलं नाही. घरी जायच्या वाटेवरच सावकाराचा वाडा होता, आणि आत त्यांचाच कुणी भाऊ, कुणी वहिनी राबत होती.