कापसाच्या मुलखातील वस्त्रप्रदर्शन

आपल्या मंडळाच्या शेगाव येथील आगामी मेळाव्यात ज्ञातीतील जुन्या वस्त्रांचे प्रदर्शन भरवावे, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु जरीचे शालू काचेच्या कपाटांत टांगून खाली देणाऱ्या घराण्यांची नावे ठळक लिहावीत, एवढाच बेत कानी येतो. म्हणून अशा प्रदर्शनांचा पूर्वेतिहास बंधुभगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शेगाव हे कापसाच्या मुलखातले गाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली भुसावळहून निघालेला लोहमार्ग शेगाव-अकोल्यावरून नागपुरास पोहोचला. १८७० साली जलंबहून खामगावास फाटा गेला. येथून रुईच्या गाठी जात आणि तिकडून कापडाचे तागे येत. (याच शेगावी १८७८ साली श्रीगजानन महाराजांचे प्रथम दर्शन घडले, ते दिगंबर अवस्थेत. कापसाच्या या पेठेत वस्त्रावाचून राहणाऱ्या सत्पुरुषाच्या पायी गर्दी लोटावी, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. असो.)

त्याच सुमारास, १८६६ साली, जॉन फोर्ब्स वॉटसन याने हिंदी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच तयार करविले. तेरा संच विलायतेत राहिले, सात हिंदुस्थानात आले. वस्त्राचे ते एक फिरते प्रदर्शनच होय. लांबी, रुंदी, वजन, मिळण्याचे ठिकाण अशी सारी माहिती त्यात दिलेली. परंतु ते लुगडे कोणी विणले आणि कोणी नेसले, याचा पत्ता नाही. विलायती कारखानदाराने नमुने पाहून तसाच माल काढावा व येथे विकावा, हा त्यातील हेतू. प्रदर्शन कोणासाठी मांडले आहे, यावर त्यात काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरत असते.

याचे उत्तर जणू सत्तर वर्षांनी आपल्या शेजारच्या खानदेशात मिळाले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन महात्माजींनी केले. उभारणीच्या सजावटीची धुरा चित्रकार नंदलाल बोस यांनी वाहिली, तीही बांबूसारखे गावचे सामान व गावचेच कारागीर घेऊन. आमच्या मते त्या प्रदर्शनाचे मर्म येथेच आहे. खादी जे सांगत होती तेच तिच्या डोक्यावरचे छप्पर आणि भोवतीचा कूडही सांगत होता. उंची पडदे लावून खादी मांडली असती, तर ती भिकारीण दिसली असती.

पुण्यात कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा नामक पुत्राच्या स्मरणार्थ संग्रहालय उभे केले व १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. तेथे पैठण्या आहेत, तसेच अडकित्ते, दिवे, वज्र्याही आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो दालनरूपाने पुन्हा उभा केला. वस्तूस तिचे घर मिळाले की पाहणारा आपोआप पायरी चढून आत येतो.

आता आपल्याकडे वळू. शालू टिकला, कारण तो वर्षातून दोनदा नेसला जाई. वेचणीस जाणाऱ्या आपल्या आज्यांची जाडीभरडी लुगडी कोणत्याच पेटीत सापडत नाहीत. ती झिजेपर्यंत नेसली गेली, मग त्यांची दुपटी झाली, मग गोधड्या, आणि शेवटी पोतेरी. तेव्हा आपल्या ज्ञातीचा खरा वस्त्रसंग्रह गोधडीत शिवलेला आहे! केवळ शालू मांडल्यास आपले पूर्वज सारेच सावकार होते असा समज नातवंडांचा होईल. आणि ज्यांच्या कष्टांवर शालू आले त्यांचा मागमूस राहणार नाही.

यास्तव आमची विनंती अशी की, दाराशीच सरकीसह कापसाचा ढीग असावा; पुढे चरखा; मग धोतर, बंडी, पागोटे आणि रोजचे लुगडे; त्यानंतर लग्नाचा शालू; आणि अखेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली गोधडी, जिचा एकेक तुकडा कोणाचा हे घरच्या वडीलधाऱ्या बाईने सांगावे व ते आपल्या मुलांनी चिठ्ठीवर लिहून तेथेच टाचावे. चिठ्ठीवर घराण्याचे नाव नसले तरी चालेल, त्या बाईचे मात्र असावे. ज्यांच्या घरी अशी गोधडी असेल त्यांनी ती न धुता, न उसवता, मेळाव्यापूर्वी आठ दिवस कार्यवाहांकडे पोहोचती करावी.